मूळ, मूलभूत आणि धातू

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात दिल्लीस एक करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढील असा कारखाना त्या करारातून पुढे दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे उभा राहिला. करार झाला त्या दिवशी भिलाई हे गाव ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीच्या जोडीने मराठी ही त्या राज्याची राजभाषा होती, ही गोष्ट आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, विदर्भ एकीकडे गेला, दुर्ग दुसरीकडे राहिला, आणि मराठी तेथे घरातली व मंडळाच्या गणेशोत्सवातली भाषा होऊन बसली. परंतु मधल्या त्या दीड-पावणेदोन वर्षांत भिलाईविषयी जे लिहिले गेले, त्यात एक शब्द वारंवार भेटतो. हा कारखाना म्हणजे ‘मूलभूत उद्योग’ होय, असे म्हटले जाई. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने (१९५६–६१) हा शब्द घरोघरी नेला. इंग्रजीतील ‘बेसिक इंडस्ट्री’चे हे भाषांतर. वाचकांनी ते विनातक्रार स्वीकारले, आणि ज्या भाषांतराबद्दल कोणी तक्रार करीत नाही त्याचीच तपासणी बहुधा अधिक अगत्याची असते.

कारण ‘मूल’ ह्या एकाच शब्दाच्या पोटात दोन निरनिराळ्या कल्पना नांदतात. एक काळाची: जे सर्वांआधी होते ते मूळ. दुसरी आधाराची: ज्यावर बाकीचे उभे आहे ते मूळ. झाडाच्या बाबतीत ह्या दोन्ही कल्पना एकत्र येतात. बी रुजते तेव्हा मूळ आधी फुटते आणि पुढे तेच झाडाचा भार वाहते. संस्कृत भाषेने हा शब्द झाडावरून उचलला म्हणून दोन्ही अर्थ त्याच्याबरोबर आले. पण माणसाच्या व्यवहारात आधीचे आणि आधाराचे हे नेहमीच एक नसते. जे आधीचे आहे त्यावर आज काहीच उभे नसेल. ज्यावर सर्व उभे आहे ते काल आलेले असेल. शब्द एकच असल्याने पहिल्याचा मान दुसऱ्यास आणि दुसऱ्याचा हक्क पहिल्यास सहज चिकटतो. दुर्ग जिल्ह्याच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हे चिकटणे कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे.

मराठीने ह्या बाबतीत एक सोय आपोआप करून ठेवली आहे. तिच्यापाशी ‘ळ’ आहे. तद्भव रूपात ‘मूळ’, तत्सम समासात ‘मूल’. ‘मूळ द्रव्य’ म्हटले की आरंभीचे द्रव्य, भेसळ होण्यापूर्वीचे. ‘मूलद्रव्य’ म्हटले की रसायनशास्त्रातील लोह, गंधक, प्राणवायू. ‘मूळ तत्त्व’ आणि ‘मूलतत्त्व’ ह्यांतही असाच बारीक भेद आहे. काळाचा अर्थ ‘ळ’कडे आणि आधाराचा अर्थ ‘ल’कडे अशी ही वाटणी कोणा वैयाकरणाने ठरवून केलेली नाही, ती पुस्तकी शब्द आणि बोलीतला शब्द ह्यांच्या सहवासातून झाली. ती सर्वत्र पाळली जाते असेही नाही. तरी हिंदीला ही सोय नाही, छत्तीसगढीलाही नाही. तेथे ‘मूल’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. (आणि मराठीत ‘ळ’ न उच्चारणाऱ्याच्या तोंडी मूळ हे मूल, म्हणजे लेकरू, होते, हा सीमेवरच्या मराठी घरांतला जुना विनोद आहे.)

बोलीतला हा ‘मूळ’ मात्र कोशातल्या अर्थांत मावत नाही. मुळाक्षरे, मूळपुरुष, मूळव्याध ही एक जात झाली. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या पोराचे भय ही दुसरी. सासरी असलेल्या मुलीला आणावयास जो माणूस पाठवतात त्यासही जुनी मराठी ‘मूळ’ म्हणते. माहेरचे मूळ आले म्हणजे बोलावणे आले. मुऱ्हाळी हा शब्द त्याच गोतातला. संतांनी हा अर्थ मृत्यूच्या बोलावण्यापर्यंत नेला, कारण त्यांच्या दृष्टीने माहेर तिकडे होते. येथे मूळ म्हणजे मागे राहिलेली गोष्ट नव्हे. मूळ स्वतः उठून न्यायला येते. उलट ‘मुळीच नाही’ ह्यातले मूळ नकाराला धार लावते आणि ‘मुळावर उठणे’ ह्यातले मूळ म्हणजे जीव. इतके अर्थ वागवणाऱ्या शब्दाविषयी मराठी माणसाला थोडी भीतीही वाटत असावी, नाहीतर नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये अशी म्हण पडली नसती.

ह्याच कुळातील ‘मौलिक’ शब्दाने मराठी आणि हिंदी ह्यांच्यामध्ये एक खड्डा खणून ठेवला आहे. हिंदीत मौलिक म्हणजे जे दुसऱ्यावरून घेतलेले नाही ते. अनुवादित नव्हे, स्वतःचे. मराठीत मौलिक म्हणजे मोलाचे. अध्यक्षांनी मौलिक मार्गदर्शन केले असे मराठी वृत्तान्तात येते तेव्हा अध्यक्ष काही नवीन बोलले असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. मराठीचा हा अर्थ अशुद्ध ठरवणारे बरेच आहेत, पण त्यांनी घाई करू नये. ‘मूल्य’ हा शब्दच ‘मूल’पासून सिद्ध होतो. पाणिनीने चौथ्या अध्यायात त्याची व्यवस्था लावली आहे. व्यापारात मूल म्हणजे गुंतवलेली रक्कम, आणि तिच्याशी जे तोलले जाते ते मूल्य. तेव्हा मूळ आणि मोल ही भावंडे आहेत, आणि मराठीने फक्त एका भावाची वस्तू दुसऱ्याला दिली आहे.

हा खड्डा छत्तीसगढात ज्यांनी प्रत्यक्ष ओलांडला ते माधवराव सप्रे. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी घरात जन्मलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, रामदासांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. ह्याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा आली. हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती, ह्या वादात तिचे नाव आग्रहाने घेतले जाते, आणि ती कितपत मौलिक आहे ह्यावरही समीक्षकांत मतभेद झाले आहेत. तो वाद पहिलेपणाचा आहे; वर सांगितलेल्या दोन अर्थांपैकी काळाच्या अर्थाचा. मराठी अर्थाने ती मौलिक आहे ह्याविषयी मात्र दुमत होऊ नये. जमीनदार आपल्या वाड्यालगतची विधवेची झोपडी बळकावतो. ती म्हातारी चुलीसाठी तेथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागा म्हणून त्यालाच विनवते. त्याला ती उचलत नाही, आणि एका टोपलीवरून साऱ्या जमिनीच्या भाराची गोष्ट निघते. जमीन कोणाची, आधी राहिलेल्याची की ज्याला तिची थोर कामासाठी गरज आहे त्याची, हा प्रश्न दुर्गच्या शेजारच्या प्रदेशात भिलाईच्या अर्धशतक आधी असा कथेत येऊन गेला होता.

मराठ्यांच्या अमलाने ह्या भागात आणखी एक शब्द रुळवला. रतनपूरला बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ प्रत्यक्ष राहून कारभार करीत होते, आणि दप्तराची भाषा अर्थातच फारशीमिश्रित मराठी होती. त्या दप्तरात ‘मूळ’पेक्षा ‘अस्सल’चा बडिवार मोठा. अस्सल कागद आणि नक्कल. हा शब्द अरबी ‘अस्ल’वरून आला, आणि अस्ल म्हणजेही झाडाचे मूळच. उसूल हे त्याचेच अनेकवचन. वसूल मात्र निराळ्या धातूचा आहे, जरी रयतेला तो तितकाच मुळाशी भिडणारा वाटला असेल. अरबीतही मूळ ह्या एकाच प्रतिमेतून आरंभ आणि तत्त्व हे दोन्ही अर्थ निघाले, पण मराठी दप्तराने त्यातून तिसराच काढला: खरेपणा. ज्याची नक्कल होऊ शकते ते अस्सल. न्यायनिवाड्यात वडिलार्जित हक्क सांगणाऱ्याने अस्सल पुढे करावयाचे. कागद नसेल तर ‘आम्ही पहिल्यापासून आहोत’ ह्या बोलण्याला वजन कमी. पहिलेपणा असा कागदात शिरला, आणि ज्यांच्यापाशी कागद नव्हता ते त्याच क्षणी मागे पडले.

विसाव्या शतकात इंग्रजी ‘बेसिक’ आले आणि नवी गुंतागुंत झाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि वर्धा योजना ह्या नावाने ओळखली जाणारी शिक्षणपद्धती पुढे आली. तिचे इंग्रजी नाव बेसिक एज्युकेशन, हिंदुस्थानी नाव बुनियादी तालीम. मराठीने बुनियाद स्वीकारली नाही, ‘मूलोद्योग’ हा शब्द घडवला. ज्या हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफावयाचे तो मूलोद्योग: सूतकताई, शेती, सुतारकाम. त्या शाळांतून शिकलेल्या पिढीच्या डोळ्यांपुढे मूलोद्योग म्हटले की टकळी उभी राहते. आणि वीसेक वर्षांत, मुंबई-हावडा ह्या त्याच लोहमार्गावर वर्ध्याच्या पूर्वेला, ‘मूलभूत उद्योग’ म्हणून झोतभट्टी उभी राहू लागली. दोन्ही नावे बेसिकवरूनच आली आणि दोघांतही मूल आणि उद्योग हेच दोन शब्द आहेत. एकात उद्योग माणसाच्या हातापासून सुरू होतो, दुसऱ्यात तो इतर उद्योगांना यंत्रे, रूळ आणि तुळया पुरवतो. स्वतंत्र भारताने ह्या दोहोंपैकी काय निवडले ह्याचा निर्णय कोणत्याही शब्दकोशात झाला नाही; पण निवड चालली आहे हेच पुष्कळांच्या लक्षात आले नाही, त्याला शब्दांचे हे साम्य थोडेबहुत कारण असावे. वर्ध्याचा ‘मूल’ मागे पडला तरी कोणास काही गमावल्यासारखे वाटले नाही, कारण ‘मूल’ तर चालूच होता.

पोलादाच्या कारखान्यात ‘बेसिक’चा तिसराही एक अर्थ आहे. चुनखडी, डोलोमाइट अशा आम्लारी पदार्थांचे अस्तर दिलेल्या भट्टीला इंग्रजीत बेसिक म्हणतात. फॉस्फरस काढून टाकावयाचा तर असे अस्तर लागते. ह्या भट्टीला ‘मूलभूत भट्टी’ म्हणणारा भाषांतरकार रसायनशास्त्र आणि मराठी दोहोंचा अपराधी ठरेल. शब्द जुळला म्हणजे अर्थ जुळला, हा समज कसा फसवतो ह्याचा हा ढळढळीत नमुना म्हणून ठेवून द्यावा.

दुर्गचा आणि ‘मूल’ शब्दाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो सर्वांत मोठा असूनही सर्वांत कमी ठाऊक आहे. भारतीय संविधानाचा हिंदी अनुवाद ज्या तज्ज्ञ समितीने केला तिचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे दुर्गचे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेचे ते सभापती होते; त्या सभेत हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा चालत, तेव्हा एकाच इंग्रजी शब्दाला दोन शेजारणी कशी निरनिराळी उत्तरे देतात हे त्यांनी रोज ऐकले असणार. समितीत राहुल सांकृत्यायन आणि सुनीतिकुमार चटर्जी ह्यांच्यासारखे विद्वान होते. नागपुरास त्याच काळात डॉ. रघुवीर संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून शासनव्यवहाराचे हजारो शब्द पाडीत होते. संविधानाचा तिसरा भाग हिंदीत ‘मूल अधिकार’ झाला, मराठीत ‘मूलभूत हक्क’ झाला. बोलण्यात हिंदी भाषिक ‘मौलिक अधिकार’ म्हणतो. ह्या तिहींत मराठी शब्द सर्वांत नेमका आहे, असे पक्षपाताचा आरोप पत्करूनही म्हणावयास हवे. ‘मूल अधिकार’ म्हणजे आरंभीपासूनचा अधिकार असे कोणी समजू शकेल. मूलभूत ह्या शब्दात ‘भूत’ आहे. भूत म्हणजे झालेले. जे मूळ झाले आहे ते मूलभूत. ते अनादि नव्हे. २६ जानेवारी १९५० पूर्वी ते नव्हते, त्या दिवशी ते झाले, आणि तेव्हापासून बाकीचे कायदे त्यावर उभे आहेत. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाची मूलभूत संरचना संसदेलाही मोडता येणार नाही असे ठरवले, तेव्हाही ती संरचना संविधानाच्या आधी कोठे होती असे म्हटले नाही. मूलभूत असण्यासाठी पहिले असावे लागत नाही, हे येथे कायद्याने मान्य केले.

व्याकरणाने ते फार पूर्वी मान्य केले होते, आणि त्यासाठी जो शब्द वापरला तो भिलाईला दोन्ही अर्थांनी लागू पडतो: धातू. ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे; त्यावरून धातू, म्हणजे ज्यावर रचले जाते तो थर, घटक. आयुर्वेदात रसापासून शुक्रापर्यंत सात धातू, कारण ते देहाला धारण करतात. बौद्धांनी बुद्धाच्या अस्थींना धातू म्हटले. त्या ज्याच्या गर्भात ठेवल्या तो धातुगर्भ, आणि त्याचेच सिंहलीवाटे इंग्रजीत गेलेले रूप ‘डागोबा’ कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांची वर्णने करणाऱ्यांनी पुन्हा येथे आणले. डोंगरातला गेरू हा धातू, आणि खनिजातून काढलेले सोने-तांबेही धातू. पाणिनीच्या परंपरेत ‘भू’पासून सुरू होणाऱ्या सुमारे दोन हजार क्रियावाचक घटकांची यादी म्हणजे धातुपाठ.

ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. धातू हा शुद्ध स्वरूपात सहसा आढळत नाही. तो काढावा लागतो. ‘कृ’ असे कोणी बोलत नाही. करोति, कर्म, कारक, संस्कार ऐकून वैयाकरण त्यातून ‘कृ’ वेगळा करतो. लोखंडाचेही तसेच: दल्ली-राजहराच्या डोंगरात लोखंड नाही, हेमॅटाइट आहे, कोळशाच्या आचेने त्यातला प्राणवायू काढून घेतला म्हणजे लोखंड उरते. एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय भाषाशास्त्रज्ञांनी संस्कृत धातू पाहिले आणि मानवाची पहिली बोली हीच, आदिमानव धातूंनीच बोलत असावा, अशी कल्पना केली. ती चुकीची होती. यास्काने नोंदवलेला शाकटायन आणि गार्ग्य ह्यांचा वाद ह्याविषयी उद्बोधक आहे. सर्व नामे धातूंपासून निघाली असे शाकटायन म्हणतो, सर्व निघाली नाहीत असे गार्ग्य म्हणतो. पण धातू आधी बोलले जात होते असा मुद्दा दोघांच्याही वादात नाही. तो पृथक्करणाचा वाद आहे, कालक्रमाचा नव्हे. आपल्याकडे राजवाड्यांनी मराठी धातूंचा कोश रचला त्यात त्यांची प्रतिभा दिसते, तरी धातूवरून थेट इतिहासपूर्व समाजात उडी घेण्याचा मोह त्यांना आवरला नाही, हेही खरे.

लोह ह्या शब्दाचा स्वतःचा इतिहासही पहिलेपणाच्या दाव्यांना फारसा अनुकूल नाही. प्रथम तो तांबूस, म्हणजे तांब्याचा वाचक होता. लोहित हे त्याचे भावंड. पुढे तो काळ्या धातूवर गेला आणि तेथेच राहिला. त्याच्या खंडावरून मराठीचे लोखंड. पोलाद फारशीतून आले. भिलाईच्या फाटकावर जो शब्द आहे तो ‘इस्पात’, आणि तो पोर्तुगीजांच्या ‘एस्पादा’ म्हणजे तलवार ह्यावरून आला असे कोशकार सांगतात. देशाच्या मूलभूत उद्योगाचे हिंदी नाव असे समुद्रावरून आलेले आहे, आणि त्याने कारखान्याचे काही अडले नाही.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मराठी वृत्तपत्रांना प्रिय असलेला ‘पायाभरणी’ हा शब्द त्या आधी काही वर्षे भिलाईच्या शेतांत शब्दशः खरा होत होता. पाया पायांवरून आला. ज्यावर उभे राहायचे तो. त्या पायांविषयी आसपासच्या गावांत काय बोलले जाई ह्याची नोंद जोनाथन पॅरी ह्या मानववंशशास्त्रज्ञाने केली आहे. भट्ट्या आणि पूल टिकावेत म्हणून पोरांचे बळी दिले जातात, अशी अफवा त्या काळी होती. अफवा खोटी होती. परंतु मोठ्या इमारतीचा पाया कोणाच्या तरी जिवावर घातला जातो, हा तिच्यामागचा समज जुना आहे, आणि ज्यांची शेते त्या पायाखाली गेली त्यांनी तो उगीच आठवला नसेल. मोबदला मिळाला, पुष्कळांना कारखान्यात कामही मिळाले. शेत मात्र परत मिळण्यासारखे नव्हते.

पहिलेपणाच्या अर्थाने मूळ असलेले लोकही ह्याच प्रदेशात होते, आणि त्यांनाही ह्याच काळात नाव मिळत होते. ‘आदिवासी’ हा शब्द दिसतो तितका जुना नाही. इंग्रजी ‘ॲबॉरिजिनल’ ह्यातल्या लॅटिन ‘ओरिगो’ म्हणजे आरंभ, त्याच्या जागी ‘आदि’ ठेवून तो विसाव्या शतकात घडवला गेला. १९३८ साली रांचीस आदिवासी महासभा ह्या नावाने संघटना उभी राहिली. ठक्कर बाप्पांच्या कार्यामुळे तो शब्द देशभर गेला. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनी १९४३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच ‘तथाकथित’ असे विशेषण घालून ह्या आदिपणावर प्रश्नचिन्ह लावले. कोण आधी आले हे सिद्ध करता येत नाही आणि आधी येण्यावरून आज काही ठरतही नाही, असा त्यांचा रोख. १९४८ साली संविधान सभेत जयपालसिंह मुंडा ह्यांनी ‘बनजाति’ ह्या पर्यायाला विरोध केला आणि आदिवासी हाच शब्द मागितला, कारण त्यांच्या मते त्या शब्दात प्रतिष्ठा होती. अखेर कायद्यात आला तो कोरडा शब्द: अनुसूचित, म्हणजे यादीत घातलेले, मराठीत ‘अनुसूचित जमाती’. आदि गेले, यादी आली. घुर्ये तर्काने बरोबर होते, आणि जयपालसिंह काय गमावले जात आहे ते ओळखून होते. ह्या दोहोंपैकी एकाच्याच बाजूने कौल देणे इतिहासाला परवडणारे नाही. येथेही खरा घोटाळा तोच आहे. आदिवासींचा जमिनीवरचा हक्क ते पहिले आले म्हणून मानावयाचा, की त्यांचे सारे जीवन त्या जमिनीवर उभे आहे म्हणून मानावयाचा? पहिले कारण वादग्रस्त राहणारच. दुसरे वादातीत आहे, आणि मराठीत त्यालाच मूलभूत म्हणतात. स्वतः गोंड आपल्याला ‘कोइतूर’ म्हणतात. त्याचा अर्थ माणसे. त्यात आदि नाही, वनही नाही.

लोखंडाच्या बाबतीत तर ह्या भागातले लोक पहिले होते ह्याला पुरावा आहे. मंडला, बिलासपूर ह्या बाजूस आगरिया नावाचे लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत कोळसा पेटवून लोखंड काढीत. व्हेरियर एल्विन ह्यांनी १९४२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर, आग्यासुर ही त्यांची दैवते, म्हणजे खनिज, कोळसा आणि आग; पोलादाच्या आजच्या शास्त्रालाही ह्या तिहींत फारशी भर घालता आलेली नाही. भट्टीवरचा कर, राखीव जंगलांनी दुर्मीळ झालेला कोळसा आणि स्वस्त परदेशी लोखंड ह्यांनी ती विद्या मोडली. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ह्या डोंगरांतील लोहखनिजाची नोंद केली, तेव्हा आजचा दुर्ग रायपूर जिल्ह्यातच मोडत होता. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे प्रयत्न फसल्यावर दोराबजी टाटा आणि त्यांचे अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड ह्यांना नागपूरच्या संग्रहालयात एक भूगर्भीय नकाशा दिसला आणि त्यावरून ते दल्ली-राजहराला पोहोचले. पुढे बोसांच्याच सूचनेवरून ते मयूरभंजाकडे वळले, साकचीस कारखाना झाला, आणि दुर्गचे डोंगर आणखी पन्नास वर्षे तसेच राहिले.

आता ते डोंगर ओसरत चालले आहेत. १ नोव्हेंबर २००० पासून भिलाई छत्तीसगढ राज्यात आहे, दल्ली-राजहरा २०१२ पासून बालोद जिल्ह्यात. आणि कारखान्याची नजर दक्षिणेकडे, रावघाटच्या टेकड्यांकडे लागली आहे. तेथे राजाराव हे तिथल्या लोकांचे दैवत आहे. तेथे जंगलावरचा हक्क सांगावयाचा तर २००६ चा वनहक्क कायदा लागू पडतो. अनुसूचित जमातीच्या माणसास त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलाच्या आधाराने राहणाऱ्या इतर रहिवाशांस त्या तारखेच्या मागे तीन पिढ्यांचा वास सिद्ध करावा लागतो, आणि पिढी म्हणजे पंचवीस वर्षे अशी व्याख्या कायद्यानेच दिली आहे. म्हणजे एकूण पंचाहत्तर वर्षे. अर्जाला कागद जोडावयाचे; कागद नसेल तर गावातल्या वृद्धांचे निवेदन चालते, ते लिहून घेतले जाते आणि ग्रामसभेपुढे वाचले जाते.